आधी निर्णय, मग घरी फोन

डिचोलीच्या एका मुलीने विचारलं आहे: "येत्या ऑक्टोबरपासून मी जर्मनीत ड्रेस्डेनला एम.एस्सी. करणार आहे. आजवर एकटीने केलेला लांबचा प्रवास म्हणजे कॉलेजसाठी डिचोली ते पणजी. सीनियर मुली सांगतात, तिकडे गेलीस की एकटीने फिर, त्यानेच तू स्वतंत्र होशील. आई म्हणते, शिकायला चाललीस, फिरायला नाही. एकटीने फिरून खरंच स्वावलंबन येतं का? येत असेल तर सुरुवात कुठून करू? आणि आईला काय सांगू?"

बाय, स्वावलंबन येतं. पण ते फिरण्याने येत नाही. फिरताना तुझ्यावाचून दुसरं कोणी घेऊच शकत नाही असे जे निर्णय समोर येतात, त्यांनी येतं. हा फरक नीट कळला नाही तर दोन वर्षांत अर्धा युरोप बघूनही तू आहेस तिथेच राहशील. आणि कळला तर ड्रेस्डेनपासून तासाभरावरच्या गावी जाऊनही खूप काही साधेल.

मी स्वतः जर्मनीत शिकले. आता पणजीत बसून परदेशी निघालेल्या मुलामुलींची तयारी करून घेते. प्रवेश, व्हिसा, बँक हे सगळं त्यात येतंच, पण माझा जास्त वेळ जातो तो मुलं तिकडे पोचल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत. त्या काळात मुलांचे फोन येतात त्याहून जास्त आईवडिलांचे येतात, म्हणून आधी थोडं आपल्या घरांबद्दल बोलते.

गोव्यात आपण फार सुरक्षित वाढतो. बसमध्ये चढलं की कंडक्टरच विचारतो, "गो बाय, तूं कोणागेली?" आणि नाव सांगितलं की आजोबांपर्यंत ओळख निघते. संध्याकाळी उशीर झाला की बस मिळत नाही, म्हणून बाबा गाडी घेऊन स्टँडवर उभे असतात. बँकेत काकांच्या ओळखीचं कोणीतरी असतं, पंचायतीत मामांच्या. हे मोठं भाग्य आहे, मी ते जराही कमी लेखत नाही. पण त्याचा परिणाम असा की बावीस वर्षांची हुशार मुलगी, जिने विद्यापीठात पहिला वर्ग मिळवलेला असतो, तिने कधी अनोळखी गावात खोली शोधलेली नसते, कधी चुकीच्या गाडीत बसलेली नसते आणि 'आता काय करू' हा प्रश्न कधी एकटीने सोडवलेला नसतो. तशी वेळच कोणी येऊ दिलेली नसते.

मग ही मुलगी जर्मनीत जाते आणि आपल्याच लोकांचा गट शोधते. पहिल्या महिन्यात ते चांगलंच असतं, गरजेचं असतं. पण त्या गटात एक मुलगा असा असतो जो सगळी तिकिटं काढतो, हॉस्टेल बुक करतो, नकाशा बघतो आणि बाकीचे त्याच्यामागून चालतात. माझ्याकडे तयारी करून गेलेली एक मुलगी दोन वर्षांनी परत आली तेव्हा तिच्या फोनमध्ये पॅरिस, रोम, ॲमस्टरडॅम सगळं होतं. मी सहज विचारलं, रोमला गेलात ते कोणत्या स्टेशनवरून? तिला आठवेना. कारण तिला ते कधी माहीत असावंच लागलं नव्हतं. मजा आली असेल, ती यावीही. फक्त त्या फिरण्याला स्वावलंबन म्हणू नये.

आणि गटापेक्षाही जास्त आड येतो तो हातातला फोन. स्टेशनवर गाडी रद्द झाल्याची पाटी लागली की आपली मुलं पहिल्यांदा घरी व्हिडिओ कॉल लावतात. इकडे डिचोलीत बाबा जर्मन रेल्वेचं ॲप उघडून सांगतात, "सहा नंबरला जा, तिथून दुसरी आहे." गाडी मिळते, पण ती बाबांनी पकडलेली असते. म्हणून माझ्याकडून जाणाऱ्या प्रत्येकाला मी एकच नियम घालून देते: आधी निर्णय, मग घरी फोन. घरी सांगायचं सगळं, काही लपवायचं नाही. फक्त सांगायचं ते ठरवून झाल्यावर. "गाडी रद्द झाली, मी पुढच्या गाडीने निघाले, नऊला पोचेन" हे वाक्य आणि "गाडी रद्द झाली, आता मी काय करू?" हे वाक्य, यांत आईबाबांना बातमी एकच मिळते. बोलणारी मुलगी मात्र वेगळी असते.

एक उदाहरण जरा तपशिलात सांगते, कारण यातल्या खाचाखोचा तुला उद्याच कामाला येतील. जर्मनीतल्या काही प्रादेशिक गाड्या वाटेत एखाद्या स्टेशनवर दोन होतात. पुढचे डबे एका गावाला जातात, मागचे दुसऱ्या. फलाटावरच्या पाटीवर आणि डब्याच्या दारापाशी ते लिहिलेलं असतं, घोषणाही होते, पण नवख्याचं लक्ष नसतं. सत्तरी तालुक्यातला एक मुलगा असाच चुकीच्या अर्ध्यात बसला. खिडकीबाहेर जी स्टेशनं येत होती ती त्याच्या ॲपमधल्या यादीत नव्हती. तिसऱ्या स्टेशनला त्याच्या लक्षात आलं. तो उतरला. स्टेशन म्हणजे एक फलाट, एक छप्पर आणि तिकिटाचं यंत्र, माणूस कोणी नाही. फोनची बॅटरी शेवटाला आलेली. फलाटावर दोन तक्ते होते, एक पिवळा, एक पांढरा. जर्मनीत पिवळ्यावर सुटणाऱ्या गाड्या असतात आणि पांढऱ्यावर येणाऱ्या. तयारीच्या वेळी सांगितलेलं हे त्याला आठवलं. पिवळ्या तक्त्यावर बोट ठेवून त्याने उलट दिशेची गाडी शोधली. ती जवळजवळ तासाने होती. थंडीत तो तासभर बसला, पिशवीतला ब्रेड खाल्ला, परत फाट्याच्या स्टेशनला आला आणि तिथून योग्य गाडी धरून मुक्कामाला पोचला. रात्री घरी फोन करून त्याने सगळं सांगितलं. आईने विचारलं, "तेव्हाच फोन का नाही केलास?" तो म्हणाला, "तेव्हा काम चालू होतं."

त्याच मुलाने पुढच्या महिन्यात परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन निवास परवान्याचं काम एकट्याने केलं. त्याआधी तो दोनदा मित्राला सोबत घेऊन गेला होता आणि मित्रच बोलला होता. वर्षअखेरीस खोली सोडताना घरमालकाने अनामतीतून जास्त पैसे कापले, तेव्हा त्याने हिशेब लेखी मागितला आणि मिळवला. प्रवासातल्या स्वावलंबनाची खरी परीक्षा इथे होते: कार्यालयात, घरमालकासमोर, प्राध्यापकांकडे मुदत मागताना. त्या एका तासाचं हे फळ आहे असं मी ठामपणे म्हणते, कारण हा बदल मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. अनोळखी ठिकाणी एकदा आपलं आपण निभावलं की पुढच्या अनोळखी टेबलासमोर पाय लटपटत नाहीत.

आता सुरुवात. ती ड्रेस्डेनला नको, इथेच कर, कारण तुझ्या हातात अजून काही आठवडे आहेत. डिचोलीहून म्हापशाला बस, तिथून थिवी स्टेशन आणि कोकण रेल्वेने रत्नागिरी. एक रात्र राहून परत. तिकीट तू काढायचं, लॉज तू शोधायचा, त्यांना फोन तू करायचास. रत्नागिरीत कोणी नातेवाईक असतील तर त्यांना कळवायचं नाही (हे आईला पटवणं सगळ्यात अवघड जाईल). बाबांनी थिवीला सोडायलाही यायचं नाही. भाषा आपली, माणसं आपल्यासारखी, धोका जवळजवळ नाही. तरीही रात्री लॉजच्या खोलीत कडी लावून बसल्यावर तुला जे वाटेल ते नीट बघून ठेव. तीच भावना ड्रेस्डेनला पहिल्या आठवड्यात येणार आहे आणि तेव्हा ती ओळखीची असेल.

ड्रेस्डेनला गेल्यावर पहिली सहल राटेनची कर. हे मी विचारपूर्वक सांगते. ड्रेस्डेनच्या मुख्य स्टेशनवरून एस-१ ही उपनगरी गाडी एल्ब नदीच्या काठाकाठाने जाते, पाऊण तासाच्या आत कुरोर्ट राटेनला पोचवते. स्टेशन नदीच्या एका तीरावर, डोंगर दुसऱ्या. मध्ये फेरीबोट. दिवाडीला किंवा चोडणला फेरीने गेलेल्या मुलीला यात नवं काय, असं वाटेल. पण ही बोट नीट बघ. ती दोराला बांधलेली असते आणि नदीच्या प्रवाहाच्या जोरावरच पलीकडे जाते. पलीकडून चढ चढून गेलीस की बास्टायचा दगडी पूल लागतो. १८५१ सालचा हा पूल वालुकाश्माच्या सुळक्यांमध्ये बांधलेला आहे आणि तिथला कडा नदीपासून १९४ मीटर उंच आहे. गाडी एकच, बदलायची नाही, वाटेवर माणसं भरपूर, संध्याकाळी परत खोलीवर. चुकायला जागा फार नाही आणि तरीही सगळं तुझं तू केलेलं असेल. सुटे युरो जवळ ठेव. पाणी आणि डबा घरून ने. तिकडच्या हॉटेलात बसल्यावर आपल्यासारखा पाण्याचा पेला आपोआप समोर येत नाही, पाणी विकत घ्यावं लागतं. शिवाय रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांवरची काही तेवढी उघडी. आपल्याकडून गेलेली मुलं पहिल्या रविवारी हमखास उपाशी राहतात.

दुसरी सहल ग्योर्लित्झची. हेही ड्रेस्डेनहून प्रादेशिक गाडीने दीडेक तासाचं. गावातून नायसे नदी वाहते, पलीकडचं गाव झ्गोझेलेत्स, आणि ते पोलंडमध्ये आहे. पुलावरून चालत जायचं. पाच मिनिटांत देश बदलतो, भाषा बदलते, युरोच्या जागी झ्लॉटी येतो. पलीकडे जाऊन कॉफी पी, परत ये. एवढ्यासाठी का जायचं? कारण या छोट्या सहलीत तुला सीमेचे कागद पहिल्यांदा स्वतः तपासावे लागतात.

त्या कागदांबद्दल नीट वाच. जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा किंवा निवास परवाना असेल तर शेंगेनमधल्या (म्हणजे आपसांतल्या सीमा खुल्या ठेवलेल्या युरोपीय देशांच्या गटातल्या) दुसऱ्या देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत वेगळ्या व्हिसाशिवाय जाता येतं. पण मूळ पासपोर्ट आणि मूळ परवाना दोन्ही अंगावर पाहिजेत, मोबाइलमधला फोटो चालत नाही. शेंगेन आहे म्हणून सीमेवर कोणी विचारत नाही, हे आता धरून चालू नकोस. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली आहे, गाडीत पोलीस चढतात. ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत, तिथे वेगळा व्हिसा लागतो. आणि एक काळ फार नाजूक असतो: सुरुवातीचा व्हिसा संपलेला आहे, परवान्याचं कार्ड अजून हातात आलेलं नाही आणि कार्यालयाने तात्पुरता कागद दिला आहे. त्या दिवसांत देशाबाहेर पाऊल टाकू नकोस. मैत्रिणी म्हणतील काही होत नाही, आम्ही जाऊन आलो. तू जर्मनीतल्या जर्मनीत फीर, देश काही लहान नाही.

त्यासाठी लागणारा पास म्हणजे डॉइचलांडटिकेट. महिनाभर देशातल्या सगळ्या प्रादेशिक गाड्या, शहरातल्या बस, ट्राम, मेट्रो यांत चालतो. मे २०२३ ला सुरू झाला तेव्हा ४९ युरो होता, २०२५ मध्ये ५८ झाला, जानेवारी २०२६ पासून ६३. अनेक विद्यापीठांत त्याची विद्यार्थ्यांसाठीची स्वस्त आवृत्ती सत्रशुल्कातच येते, म्हणून वेगळा घेण्याआधी तुझ्या शुल्काच्या पावतीत बघ. वेगळा घेतलासच तर लक्षात ठेव की तो दरमहा आपोआप चालू राहतो आणि बंद करायचा तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं. आयसीई, आयसी या जलद गाड्यांत तो चालत नाही. जलद गाडीचं स्वस्त तिकीट आधी काढलं तर ते त्याच एका गाडीला बांधलेलं असतं. मात्र मुक्कामाला पोचायला वीस मिनिटं किंवा त्याहून जास्त उशीर होणार असं दिसलं की ते बंधन सुटतं आणि दुसरी गाडी पकडता येते. तासाभराचा उशीर झाला तर भाड्याचे २५ टक्के परत मिळतात, दोन तासांचा झाला तर ५० टक्के. त्याचा अर्ज भरावा लागतो. आपली मुलं भरत नाहीत, "जाऊ दे, आठ युरोंसाठी कोण बसतंय" म्हणतात. मी म्हणते, भरायचाच. ते आठ युरो नाहीत. जर्मन भाषेत, आपल्या हक्कासाठी, आपल्या नावाने तू केलेला तो पहिला अर्ज असतो, आणि तो मंजूर होतो तेव्हा त्या देशात तुझं थोडं वजन आहे हे तुला कळतं.

रात्रीच्या मुक्कामाला जायची घाई नको. दिवसाच्या एक-दोन सहली झाल्यावर लाइपझिगसारखं जवळचं शहर धर आणि युवा वसतिगृहात राहा. ही कल्पनाच मुळी जर्मनीतली. रिखार्ड शिरमान नावाच्या शिक्षकाला ती १९०९ मध्ये मुलांना घेऊन पायी सहलीवर असताना सुचली आणि तिथून जगभर गेली. आठजणांच्या खोलीतली एक खाट साधारण २५ ते ४० युरोंना मिळते, सुट्टीच्या दिवसांत महाग होते. फक्त मुलींची खोली मागता येते, पहिल्या वेळी तीच माग. कपाट असतं पण कुलूप आपलं न्यावं लागतं, म्हणून घरून एक छोटं कुलूप घेऊन जा. बुकिंग करताना रद्द केल्यास पैसे परत मिळतात का ते बघ. आणि पोचण्याची वेळ उजेडातली ठेव. डिसेंबरात ड्रेस्डेनला चारच्या सुमारास अंधार पडतो. गोव्यातून गेलेल्या मुलांना ही गोष्ट आकड्यांत माहीत असते, अंगावर येते तेव्हा मात्र धक्का बसतो. म्हणूनच म्हणते, पहिल्या दोन सहली ऑक्टोबरातच उरकून घे. सत्र १ ऑक्टोबरला सुरू होतं, तासिका पुढे साधारण महिन्याच्या मध्याला. मधल्या दिवसांत हवा बरी असते आणि अभ्यासाचा भार चढलेला नसतो.

प्रागला जायचा मोह तुला लगेच होईल, कारण थेट गाडी आहे आणि अडीच तासांचा रस्ता. जा, पण चौथी-पाचवी सहल म्हणून जा. तिथे युरो नाही, कोरुना हे चेक चलन चालतं. कार्डाच्या यंत्रावर "तुमच्या चलनात कापू का?" असा प्रश्न येतो तेव्हा नाही म्हणायचं, तिथल्याच चलनात कापू द्यायचं, नाहीतर भाव वाईट लागतो. जर्मनीतल्या सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डाच्या पाठीमागे युरोपीय आरोग्य कार्ड असतं. ते युरोपीय संघाच्या देशांत तातडीच्या उपचारांना उपयोगी पडतं, पण काही देशांत भारतीय नागरिकाला लागू होत नाही. निघण्याआधी विमा कंपनीला ईमेल करून त्या देशाचं नाव लिहून विचार.

सुरक्षिततेबद्दल मी गोड बोलणार नाही. जर्मनी एकटीने फिरणाऱ्या मुलीसाठी एकंदरीत चांगला देश आहे. पण रंगावरून टोमणा, रोखून बघणं हे घडतं आणि पूर्वेकडच्या काही लहान गावांत जास्त जाणवतं. फुटबॉलचा सामना असेल त्या दिवशी प्रादेशिक गाड्या पिऊन आलेल्या प्रेक्षकांनी भरतात. त्या दिवशी डबा बदल, गाडी बदल, नाहीतर बेत पुढे ढकल. कोणी नको तितकी सलगी करायला लागलं की उठून दुसरीकडे बसायला कारण द्यावं लागत नाही. आपल्या मुली "उगाच वाईट वाटेल" म्हणून बसून राहतात, ते सोडून दे. संकटाचा नंबर ११२, तो सगळ्या युरोपीय संघात चालतो. जर्मनीत पोलिसांचा ११०. जीवावरचं नाही पण रात्री डॉक्टर हवा आहे, अशा वेळी ११६११७. महिलांवरच्या अत्याचारासाठी ११६०१६, दिवसरात्र, मोफत. हे चार आकडे कागदावर लिहून पाकिटात ठेव, कारण नेमक्या वेळी फोन बंद पडतो. 'आधी निर्णय, मग फोन' हा माझा नियम जीवावर बेतलेल्या वेळेसाठी नाही हे उघड आहे. तेव्हा आधी ११२ आणि मग ज्याचा आवाज ऐकून धीर येईल त्याला.

आईचं म्हणणं मी हलकं मानत नाही. कर्ज काढलं असेल, बँकेतल्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते) वर्षाचे ११,९०४ युरो भरले असतील, म्हणजे महिन्याला ९९२ युरोंत तुला सगळं भागवायचं आहे. त्यातून फिरण्यासाठी किती, हे तू आधी ठरव आणि आईला आकडा सांग. दिवसाच्या सहलीला पास असला तर चहापाण्यापुरतेच पैसे लागतात. परीक्षेच्या महिन्यात फिरणं नाही. पण शिकणं आणि फिरणं हे एकमेकांचे वैरी आहेत, हे मला आपल्या गोव्याच्याच माणसाकडे बघितल्यावर पटत नाही. साखवाळचे धर्मानंद कोसंबी. जन्म १८७६ चा, शाळेचं शिक्षण बेताचं. संस्कृत शिकायचं आणि बुद्धाचा धर्म समजून घ्यायचा या एकाच ध्यासाने ते १८९९ च्या सुमारास घरातून निघाले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बोधगया, तिथून सिलोन. काशीत अन्नछत्रात जेवून शिकले, कोलंबोला पाली शिकले आणि पुढे १९१० मध्ये हार्वर्डने त्यांना बोलावून घेतलं. प्रत्येक गावी कोणाकडे जायचं, काय खायचं, पुढे कुठे, हे त्या माणसाने स्वतःच ठरवलं. घरी पत्नी आणि तान्ही मुलगी ठेवून ते गेले होते, हेही मी सांगायला हवं. तो भाग मला आजही सहज मान्य होत नाही. पण त्यांचं शिकणं त्यांच्या चालण्यातूनच झालं, यात मला शंका नाही.

तुला घर सोडून जायचं नाही, घराशी बोलण्याची रीत तेवढी बदलायची आहे. म्हणून निघण्याआधी आईशी बसून ठरवून घे. सहलीला निघण्यापूर्वी कुठे चाललीस, कोणत्या गाडीने, कधी परत, हे तीन ओळींत घरी पाठवायचं. पोचल्यावर एक मेसेज, परतल्यावर एक. दिवसभर लोकेशन चालू ठेवायचं नाही. त्याने आईची काळजी कमी होत नाही, उलट तो निळा ठिपका थांबला की वाढते. ड्रेस्डेनमधल्या एका मैत्रिणीचा नंबर घरी देऊन ठेव आणि ठरलेल्या वेळेनंतर दोन तास मेसेज आला नाही तर आईने तिला फोन करायचा. गाड्यांना उशीर होतो, म्हणून ते दोन तास.

एकट्याने फिरणं सगळ्यांनाच मानवतं असंही नाही. कोणाला अर्धवेळ नोकरी करताना तेच मिळतं, कोणाला विद्यार्थी संघटनेत. दोन-तीनदा जाऊनही तुला नकोसं वाटलं तर सोडून दे, त्यात कमीपणा नाही. आणि मन फार खचलेलं असेल, झोप लागत नसेल, खोलीतून बाहेर पडावंसं वाटत नसेल, तर प्रवासाला औषध समजू नकोस. विद्यापीठांशी जोडलेल्या विद्यार्थी सेवा संस्थेत मानसिक समुपदेशन मोफत मिळतं, आधी तिथे जा. चवथीला घरी गणपतीवर फळापानांची माटोळी बांधत असतील आणि तू तिकडे लॅबमध्ये असशील, तेव्हा रडू येईलच. ते आजारपण नव्हे.

शेवटचं तुझ्या आईसाठी. ताई, तिचा फोन येईल, आवाजात घाबरल्यासारखं असेल. तेव्हा उपाय सांगण्याआधी एवढंच विचारा: "मग तू काय ठरवलंस?" ती बोलेपर्यंत थांबा. तिने काहीच ठरवलेलं नसेल तर म्हणा, दहा मिनिटांनी ठरवून फोन कर, मी जागी आहे. पहिले काही आठवडे तुम्हालाच जास्त जड जाईल. आणि वेळेचंही लक्षात असू द्या. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ड्रेस्डेन आपल्या साडेतीन तास मागे असतं, त्यानंतर साडेचार तास. म्हणजे तिकडे संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा डिचोलीत मध्यरात्र झालेली असते. रोजच्या गप्पांसाठी तिची दुपार धरा, रात्री तुम्हीही झोपा.